मैना, काळ्या आणि राजा

दिवाळी झाली की पुणे, सातारा, फलटणकडच्या रस्त्यांवर मेंढरांचे कळप चालताना तुम्ही पाहिले असतील. पुढे काठी घेतलेला मेंढपाळ, मागे घोड्यांच्या पाठीवर लादलेलं बिऱ्हाड, त्या गाठोड्यांवर बसलेल्या कोंबड्या आणि एखादं पेंगुळलेलं पोर. लोक गाडीची काच खाली करून फोटो काढतात. कळपाच्या शेवटी मान खाली घालून चालणारा कुत्रा मात्र त्या फोटोंत फारसा येत नाही. आज त्याच्याबद्दल सांगते. मी धनगराच्या घरातली, आणि गाठोड्यावर पेंगणारं ते पोर मीही होते.

परदेशी चित्रपटांत मेंढरांना वळवत पळणारी कुत्री दिसतात ना, तशी आमची नव्हती. वळवायचं काम माणसाचं, शीळ घालून, हाक मारून, काठी आडवी धरून. कुत्र्याकडे राखण. पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हापासून ते कोकरांच्या उबेत वाढतं, त्यामुळे कळप हेच त्याचं घर होऊन जातं. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळं, लावलं की कुत्री बाहेरच्या अंगाला बसायची. माळावरचा लांडगा आवाज करत येत नाही. कुत्र्याला त्याचा वास आधी लागतो आणि कुत्र्याच्या भुंकण्यावरून आपल्याला कळतं. वाटसरूवर भुंकणं वेगळं, परक्या कुत्र्यावरचं वेगळं आणि लांडग्यावरचं वेगळं. माझ्या आबांना, म्हणजे आजोबांना, झोपेतही तो फरक कळायचा. लांडग्याचं भुंकणं आलं की ते घोंगडी टाकून उभे राहिलेलेच असायचे.

मैना तांबूस रंगाची होती, एक कान फाटलेला. एकदा संध्याकाळी मोजताना एक मेंढी कमी भरली आणि मैनाही दिसेना. आबा कंदील घेऊन आल्या वाटेने मागे गेले. दोन-अडीच मैलांवर एका करवंदीच्या जाळीआड मेंढी व्यायलेली होती. कोकरू अजून ओलं होतं. नव्या कोकराचे डोळे कावळे टोचतात, तुम्हाला माहीत असेल. तिथे उजेड असेपर्यंत किती कावळे येऊन गेले असतील कोण जाणे, पण कोकराला चोच लागली नव्हती. मैना शेजारी बसून होती. आबांना पाहून तिने फक्त शेपटी हलवली, जागची उठली नाही. त्या रात्री आजीने तिला भाकरीवर दूध घातलं. एरवी दूध कोकरांचं, कुत्र्याला ताक.

मैना म्हातारी होऊन कोकणात गेली. तिथे भात कापून झाला की शेतकरी आपल्या खाचरांत मेंढरं बसवून घेतात. लेंड्या आणि मुतामुळे शेताला खत मिळतं, आम्हाला तांदूळ किंवा पैसे. अशाच एका खाचराच्या बांधाशी आबांनी तिला पुरलं, आजीने वर हळद टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बिऱ्हाड हललं. मी रडत होते, तर आजी म्हणाली, "पोरी, बकरी उपाशी हायती. चल." फिरस्त्याच्या घरात दुःखालाही चालता चालताच जागा करावी लागते. पुढच्या वर्षी त्याच शेतात गेलो तेव्हा बांध नव्याने घातलेला होता. मधे एक पावसाळा, एक नांगरट, एक भाताचं पीक होऊन गेलेलं. आबा तिथे तंबाखू मळत बराच वेळ उभे राहिले. काही बोलले नाहीत.

काळ्या पहाटेच्या अंधारात महामार्गावर गेला. ट्रक थांबला नाही. रस्त्याकडेला पुरला, पुढे तो रस्ता रुंद झाला. त्याच्याबद्दल याहून जास्त मला आजही लिहवत नाही. तुमच्यापैकी जे गाडी चालवतात त्यांना एवढंच सांगते, कळप पार झाला असं वाटलं तरी थोडं थांबा. मागून एक जण येत असतो.

आमची अशी सगळी कुत्री दुसऱ्यांच्या जमिनीत आहेत. जाऊन बसावं अशी जागा एकाचीही नाही. आजीने त्यावर आपला उपाय काढला होता. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतोच, म्हणून चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा कुत्र्यांनाही घालतात. आमची चंपाषष्ठी बहुधा वाटेवरच यायची. तीन दगडांच्या चुलीवर रोडगे भाजून आजी ते कुत्र्यांपुढे ठेवायची, आणि समोर असलेल्यांबरोबर गेलेल्यांचीही नावं घ्यायची. मी लहान असताना मला वाटायचं, ती विसरते.

हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांची कुत्री बिबट्यापासून गळा वाचावा म्हणून लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. त्या जातीला आता सरकारी मान्यताही मिळाली आहे. वाचून फार बरं वाटलं, आणि खरं सांगू, थोडा हेवाही वाटला. आमच्या कुत्र्यांना जात विचारली तर वडील अजूनही "धनगरी" एवढंच म्हणतात.

राजा शेवटचा. चराईचे माळ राहिले नाहीत, कुठे प्लॉट पडले, कुठे ऊस आला. भाऊ नोकरीला लागला, मी हैदराबादला आले, आणि वडिलांनी कळप विकला. घेणारा राजालाही मागत होता. वडिलांनी दिला नाही. मेंढरं गेली त्या रात्री राजा रिकाम्या अंगणाला फेऱ्या घालत राहिला, आणि नंतरही कित्येक रात्री. पुढे त्याने वहिनीच्या कोंबड्या आपल्या ताब्यात घेतल्या. पाहुणा आला तरी कोंबड्यांच्या बाजूने जाऊ द्यायचा नाही. आम्ही हसायचो, पण त्याच्यासाठी ते काम होतं. गेल्या पावसाळ्यात वडिलांचा फोन आला, "राजा गेला. आपल्या बोरीखाली ठेवलाय." आमच्या घरातला स्वतःच्या जमिनीत पुरलेला हा पहिला कुत्रा.

यंदा चंपाषष्ठीला मी इथेच भरीत-रोडगा केला आणि कॉलनीच्या फाटकाशी असलेल्या तीन भटक्या कुत्र्यांपुढे ठेवला. नावं घेतली, मैना, काळ्या, राजा. वॉचमन कौतुकाने बघत होता. त्याने विचारलं, यांतली मैना कोणती? मी म्हटलं, यांतली कुणीच नाही. तो काही क्षण गप्प राहिला, मग आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.