कांकण आणि आरसा

हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली असेल त्याला प्रत्यक्षावर एवढा गाढ विश्वास कशाच्या बळावर वाटला असेल, हा प्रश्न अलीकडे माझी पाठ सोडीत नाही. जे डोळ्यांपुढे आहे, हाताशी आहे, त्याला वेगळ्या दाखल्याची आवश्यकता नाही, एवढाच तिचा आशय. आणि वादात समोरच्याला निरुत्तर करण्यासाठी मीही तिचा आधार वेळोवेळी घेतला आहे. परंतु वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आरे वसाहतीतील मुलांना घेऊन हिंडून आल्यापासून ही म्हण मला पूर्वीइतक्या निःशंकपणे उच्चारता येईनाशी झाली आहे.

जुन्या वस्तुसंग्रहालयांत ‘वस्तूंस हात लावू नये’ ही पाटी पाहत आमची पिढी वाढली. येथे मात्र हात लावल्यावाचून काही घडतच नाही. १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील प्रदर्शनाने ज्याचा आरंभ झाला, १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात ज्याच्या आवारात विज्ञान उद्यान उभे राहिले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते ज्याचे रीतसर उद्घाटन झाले, त्या या संस्थेत मूल दांडा फिरवते, दोरी ओढते, कळ दाबते, आणि निसर्गाचा एखादा नियम त्याच्यापुढे मुकाट्याने रुजू होतो.

त्या मुलांपैकी, आरेतल्या आदिवासी पाड्यावरच्या एका मुलीच्या डाव्या हातात हिरव्या काचेची एकच बांगडी होती. काटकोनात जोडलेल्या दोन आरशांपुढे ती उभी राहिली, तिने तो हात उचलला, आणि समोरच्या प्रतिमेने नेहमीच्या आरशाप्रमाणे त्याच बाजूचा हात न उचलता पलीकडच्या बाजूचा उचलला. तिने हात खाली घेतला, पुन्हा उचलला, बांगडी मनगटावरून कोपराकडे सरकवली, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, “आजोबा, बांगडी त्या हातात कशी गेली?” प्रकाशाचा किरण एका आरशावरून दुसऱ्यावर आणि तेथून डोळ्यांत येतो, त्यामुळे डावे-उजवे दोनदा उलटून मूळपदावर येते, समोर उभ्या असलेल्या माणसाला तू जशी दिसतेस तशी तू आज स्वतःला दिसलीस, असे मी सांगितले. ते तिने ऐकून घेतले; पण तिचे लक्ष बांगडीवरच राहिले.

तेव्हापासून मी ही म्हण उलटसुलट करून पाहतो आहे. म्हणकर्त्याने उदाहरणादाखल कांकणच का निवडले? कुंकू, नथ, कानांतल्या कुड्या, वेणीतले फूल, हे सारे अलंकार सोडून त्याने हातातला अलंकार घेतला, कारण माणसाला आपल्या देहाचा जो भाग सर्वांत मोकळेपणाने पाहता येतो तो हात. कपाळावरच्या कुंकवाला आरसा लागतो, हे त्या चतुर माणसाला पुरते ठाऊक असले पाहिजे. म्हणजे या एका ओळीत त्याने सृष्टीची दोन खात्यांत वाटणी करून ठेवली आहे: एका खात्यात आरशावाचून कळणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात आरशाखेरीज न कळणाऱ्या. पण कोणती गोष्ट कोणत्या खाती जमा धरावी, याचा निवाडा त्याने केलेला नाही. आणि कांकणाचा तरी जो अर्धा भाग मनगटाच्या पलीकडे असतो, तो हात फिरवल्यावाचून कोठे दिसतो? हात फिरवावा तर आधी दिसणारा अर्धा दडतो. संपूर्ण कांकण एका दृष्टिक्षेपात कोणी पाहिले आहे?

या वाटणीचा विचार करताना मला माझे वडील आठवतात. १९४९ साली मुंबईतील म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी आरेची ही दुग्धवसाहत वसू लागली, आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते रोप लावून तिचे उद्घाटन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत वडील येथे कारकून म्हणून लागले. पहाटे तबेल्यांतून दूध येई, आणि नमुन्यांची नोंदवही त्यांच्या हवाली असे. तबेलेवाला दुधात बोट बुडवून ते नखावर टेकवी, थेंब न ओघळता ठरला की अभिमानाने त्यांच्याकडे पाही आणि हीच म्हण ऐकवी. वडील काही न बोलता काचेच्या उंच नळकांड्यात दूध ओतून त्यात लॅक्टोमीटर सोडीत. पाण्यापेक्षा दूध किंचित घन, त्यामुळे पाणी मिसळलेल्या दुधात ते उपकरण अधिक खोल बुडते, हे मी लहानपणी तेथेच उभा राहून पाहिले.

परंतु या आरशालाही चकवता येते. साय दुधाहून हलकी असते. ती काढून घेतली की उरलेले दूध अधिक घन होते, आणि मग त्यात बेताने पाणी घातले तर लॅक्टोमीटर पुन्हा निर्मळ दुधाचीच ग्वाही देतो. म्हणून गर्बर पद्धतीने स्निग्धांशाची तपासणी करीत: अरुंद मानेच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर अलगद १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवताच ती नळी हातात चटका बसेल इतकी तापे, दूध करपल्यासारखे काळपट होई, आणि यंत्रात गरगर फिरवल्यावर मानेत पिवळसर स्निग्धांशाची रेघ स्वच्छ उभी राही. एका आरशाची खात्री करण्यासाठी दुसरा आरसा, हा त्या खोलीतला शिरस्ता होता. पुढे मला कळले की ज्या दारा खुरोडींच्या योजकतेतून ही वसाहत उभी राहिली, त्यांनीच म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्वस्त टोन्ड दूध गोरगरिबांपर्यंत पोहोचवले. तेच पाणी एका नोंदवहीत भेसळ आणि दुसरीत लोकहिताची योजना! दोन्ही नोंदी खऱ्या होत्या, असे मी आजही मानतो. मात्र त्या एकाच खात्यात कशा मांडाव्यात, हे मला उमगत नाही.

हात लावून शिकण्याच्या संग्रहालयांचा विषय निघाला की सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमचे नाव अग्रभागी येते. १९६९ साली ते स्थापन करणारे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांना १९४९ मध्ये, म्हणजे आरे वसू लागली त्याच वर्षी, पूर्वीच्या राजकीय संबंधांमुळे विद्यापीठातील पद सोडावे लागले; त्यानंतर कोलोरॅडोच्या डोंगराळ प्रदेशात त्यांनी वर्षानुवर्षे गुरे पाळली आणि तेथल्या गावच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवले. प्रयोगशाळा हिरावली गेलेल्या माणसाने गोठ्यात काय पाहिले असेल? गुरू ज्याप्रमाणे उत्तर हातचे राखून शिष्याला प्रश्न घालतो, त्याप्रमाणे संग्रहालयातील यंत्राच्या पोटात उत्तर कोणीतरी आधीच ठेवलेले असते. जनावराचे तसे नसते. आजारी म्हशीच्या अंगावरून हात फिरवणाऱ्याला कळ सापडत नाही.

रानातही ती सापडत नाही. पहिल्या पावसात पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका शेवळे ही रानभाजी काढतात, तेव्हा बरोबरच्या पोरांना त्यांची पहिली ताकीद असते ती हात आवरण्याची. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, भाजीत काकडे ही आंबट रानफळे घालावी लागतात, नाहीतर घसा खवखवतो. हे ज्ञान कोणाच्या तरी खवखवलेल्या घशातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रानातल्या वाघोबा या देवापुढेही हात लावायचे नसतात, जोडायचे असतात. वरळीत चुकीची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून मूल निर्भयपणे पुन्हा पुन्हा करून पाहते, आणि तेवढ्यासाठी त्या स्थळाविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. परंतु ज्या ज्ञानाला किंमत मोजावी लागली ते अंगी अधिक मुरते की काय, या शंकेचे निरसन मला करता येत नाही. आणि केवळ मुरावे म्हणून कोणाच्या मुलाचा घसा खवखवू द्यावा, असेही मी म्हणू धजत नाही.

आम्ही गेलो ते भुयारी मेट्रोने. आरेच्या स्थानकात बसावे आणि विज्ञान केंद्राच्या स्थानकात उतरावे, अशी सोय आता झाली आहे. याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्याआधी आरे हे जंगल आहे की नाही, याचा वाद उच्च न्यायालयात चालला होता. ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या गेल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. पुढे २०२० साली येथील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय शासनाने घेतला. पाड्यावरच्या माणसाला रान हे हातचे कांकण होते. त्यालाही नकाशे, प्रतिज्ञापत्रे, सातबाराचे उतारे असे आरसे लागले, आणि प्रत्येक आरशात ते निराळ्या हातात दिसले.

त्या मुलीला मी आरशाचे शास्त्र समजावले ते खरे होते, याविषयी मला संदेह नाही. पण प्रत्येक गोष्टीला आरसा मागण्याची सवय तिला लागावी, की काही गोष्टी आरशावाचून खऱ्या मानण्याचे धैर्य तिच्यात टिकावे, यांतले मी तिच्यासाठी काय इच्छितो? पूर्वी मी पहिल्या पक्षाच्या बाजूने तात्काळ बोललो असतो. आज दोन्ही हवेत असे वाटते, आणि हे दोन्ही एका मनात सुखाने नांदू शकतात की नाही, तेवढे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिने पुन्हा वरळीला नेण्याचा हट्ट धरला आहे, आणि मी तिला नेणार आहे. तेथे तिने विचारलेच, तर या वेळी आधी काय सांगावे, हे अजून माझे ठरलेले नाही.