दंडाची पावती जपून ठेव

साकोली

चि. भाचीस,


वनहक्क दाव्याचा मसुदा मिळाला. कलमं चोख आहेत. पण पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलंस, 'आजोबांनी वनजमिनीवर अतिक्रमण केले'. तेवढं वाक्य काढून टाक. आपल्याकडे अशा शेतीला सगळेच जबरानजोत म्हणतात, मोर्चाच्या फलकावरही तेच असतं, आपणही घरात तेच बोलतो. दाव्यात मात्र तोही शब्द नको. 'जंगल साफ करून बांधी केली व तेव्हापासून कसत आहोत' असं सरळ लिही.

हे मी रागानं लिहीत नाही. या मुलखात रान काढून धान पिकवणं हा कधीकाळी मानाचा उद्योग होता. चांद्याच्या हीरशाह राजाबद्दल सांगतात की, पडीक रान मोडून जो गाव वसवेल त्याला तो गाव आणि जो तळं बांधेल त्याला त्या पाण्यानं भिजणारी जमीन, असं त्यानं जाहीर केलं होतं. आपल्या भंडाऱ्याकडची कितीतरी तळी कोहळी लोकांनी बांधली, नवेगावबांधचा तलावही त्यांचाच म्हणतात. त्यांनी झाडं तोडूनच बांध्या काढल्या ना? त्यांच्यातले कित्येक पुढे मालगुजार झाले, आणि त्या कर्तबगारीचा मला अभिमानच आहे. बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, तेच काम केलं, फक्त उशिरा. १९५१ साली मालगुजारी गेली, मालगुजारांची जंगलं सरकारजमा झाली. कालपर्यंत पाटलाला विचारून जिथं लाकूडफाटा आणायचा, तिथं आता सरकारची हद्द आली. भूमिहीन माणसाला विचारायला कोणी उरलं नाही आणि पोट तर होतंच.

झाडं तोडणं हा त्यातला सोपा भाग. खरा जीव जायचा तो खुंट काढताना. येनाचा खुंट नुसत्या कुऱ्हाडीला दाद देत नाही. टिकासानं भोवती खणायचं, मुळ्या उघड्या पाडायच्या, खड्ड्यात पालापाचोळा भरून पेटवायचा. तो आतल्या आत धुमसत राहायचा, मग उरलेलं खोड उपटायचं. त्यानंतर जमीन सपाट करणं, कारण धानाला पाणी उभं लागतं. आपली खालची बांधी वरच्या बांधीपेक्षा हातभर खोल आहे, ती माती आईनं पाटीनं डोक्यावर वाहून सारखी केली. धुऱ्यावरचा मोह मात्र कोणी तोडला नाही. तो मोह, ते धुरे, ती सपाट केलेली जमीन यांचे फोटो दाव्याला जोड. जमीन सपाट करणं, बांध घालणं हे वनहक्क नियमांतल्या नियम १३ प्रमाणे पुराव्यातच मोडतं.

आता महत्त्वाचं. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत वनगुन्ह्याच्या दंडाच्या पावत्या आहेत. आई त्या लाजेनं लपवून ठेवायची. पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. मध्ययुगात इंग्लंडातही राजाच्या राखीव रानात कोणी शेत काढलं की त्याला दंड व्हायचा, त्याची नोंद राजाच्या दप्तरात जायची, आणि हळूहळू तो दंड वार्षिक खंडासारखाच भरला जायचा. कुठलं शेत केव्हा निघालं हे आज तिथले अभ्यासक त्या दंडाच्या नोंदींवरूनच सांगतात. आपल्या पावत्यांचंही तसंच आहे. ज्या सालचा दंड, त्या साली बाबा तिथं नांगर धरून उभे होते, हे सरकारच्याच शिक्क्यानं लिहिलेलं आहे. त्यांच्या छायाप्रती काढ, मूळ कागद कोणालाही देऊ नकोस.

दुसरी गोष्ट पंचाहत्तर वर्षांची. आपण गैरआदिवासी, म्हणून मागे एका बैठकीत आपल्याकडे हीच जमीन तीन पिढ्या कसत असल्याचा पुरावा मागितला गेला आणि बरेच शेजारी कागद गुंडाळून घरी गेले. २००६ चा वनहक्क कायदा तू वाचलाच आहेस. तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं, हवं ते जंगलातलं वास्तव्य आणि पोटापाण्यासाठी त्यावर अवलंबून असणं. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की झालं. हे ठळक लिही, कारण अनेक दावे इथंच अडतात. २०१९ च्या १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला तेव्हा आपल्याकडे चूल पेटली नव्हती. २८ तारखेला स्थगिती आली. चुकीच्या कारणानं फेटाळलेला एक दावा म्हणजे काय असतं, ते मी त्या पंधरवड्यात पाहिलं.

आपली जमीन कागदावर झुडपी जंगल आहे की संरक्षित वन, हे तहसिलीत मी तपासतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर झुडपीही वनच धरायचं आहे, त्यामुळे 'झुडपीला दावा कशाला' असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

जबाब मात्र लवकर घ्यायला हवा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब चालतो, आणि बाबांबरोबर खुंट काढणारा आता गावात एकच बुढा उरला आहे. त्याला सालं आठवणार नाहीत. तळं कोणत्या पावसाळ्यात फुटलं, कोणाचं लग्न कधी झालं, असं विचार, मग तो बरोबर सांगतो. त्याच्याच शब्दांत उतरव, वकिली भाषा घालू नकोस.

रोवणा आटोपला की ये. दाव्याच्या तीन प्रती आण. वनहक्क समितीनं लेखी पोच द्यायची असा नियमच आहे, ती हातात पडल्याशिवाय उठायचं नाही.

तुझा,
मामा