नळाचें ऋण

लहानपणीं गांवच्या आडावर घागरी भरलेल्या आम्हांस चोवीस तास वाहणारा नळ म्हणजे गंधर्वनगरीच वाटे. त्या नळासाठीं पुणें महानगरपालिकेनें २०१७ च्या जूनमध्यें कर्जरोखे विकून २०० कोटी रुपये उभे केले. मुदत दहा वर्षें, व्याज शेंकडा ७.५९. ऋण काढून सण करूं नये, हें आम्हांसहि मान्य. पण जमिनींत पुरलेली जलवाहिनी नातवंडांच्याहि उपयोगी पडावयाची. तिचा सारा भार आजच्याच करदात्याच्या माथीं कां? शिवाय सावकार दारीं बसला कीं हिशेब चोख ठेवणें भाग पडतें. पाणी मोजावें लागतें, पट्टी वसूल करावी लागते. हें तत्त्व मित्रांस पटवून देणारे आम्ही. पण मीटर बसवावयास माणूस आला, तेव्हां दार उघडतांना अंमळ घुटमळलोंच.