अनारशांचे पान

आमच्या त्र्यंबकेश्वरात तीर्थोपाध्यायांच्या घरी तांबड्या फडक्यात बांधलेल्या चोपड्या असतात. यजमानाने गाव आणि आडनाव सांगावे, गुरुजींनी पाने उलटावीत, आणि कुशावर्तावर नुकत्याच स्नान केलेल्या त्या गृहस्थाला त्याच्या पणजोबांची सही दाखवावी! माझ्या वडिलांनी अशा चोपड्या जन्मभर सांभाळल्या, आता थोरला भाऊ सांभाळतो. मी मास्तरकी पत्करली आणि वर कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग केला. पण त्या यजमानांना जिने जेवू घातले, त्या माझ्या आईचे कुठल्याच चोपडीत नाव नाही.

या उन्हाळ्यात मनाने घेतले की, आईच्या हातचे सारे पदार्थ एका वहीत उतरवायचे. आईला शहात्तरावे लागले आहे. परवा ती आमसुलांना चिंचा म्हणाली. बाजारची वही नको होती. जाड कागद आणले, दाभणाने शिवले, पुठ्ठ्याला घरच्या खळीने कापड चिकटवले. खळीत मोरचूद घालायला विसरलो नाही. ब्रह्मगिरीखालच्या चार महिन्यांच्या पावसात कागदावर बुरशी चढते, आणि खळीच्या वासाने कसर येते ती निराळीच.

वही झाली, खरी पंचाईत पुढेच होती. आईला स्वयंपाक येतो तो पन्नास पानांचा! देशात किलो सक्तीचा झाला 1962 साली. आमच्या माजघरात ती वार्ता अजून पोहोचायची आहे. तिथे पायली, शेर, मापटे आणि चिपटे यांचेच राज्य. 1970 साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' निघाले आणि घरोघरच्या सुनांच्या हाती वाटी-चमच्याचे माप आले. आमच्या फडताळातही ते पुस्तक आहे, पण आईने ते कधी स्वयंपाकघरात नेले नाही.

"वरणाला हिंग किती?"

"वास येईल इतका."

"आणि मीठ?"

"अरे, मुठीला कळतं ते."

मी तिची मूठ काट्यावर तीनदा तोलली. तीनदा निराळे वजन भरले. आई हसून म्हणाली, "तीनही बरोबर आहेत. लिही!"

अशी चाळीस पाने झाली. कढी, अळूवड्या, गवल्यांची खीर. मग एका पानावर मी 'अनारसे' असे शीर्षक घातले आणि आई गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, "ते अक्काला विचार."

अक्का, माझी थोरली बहीण, नाशिकला असते. तासाभराची वाट, पण नऊ वर्षांत मी ती चाललो नव्हतो. वाड्याच्या वाटणीच्या वेळी मी तिला म्हणालो होतो, "दिल्या घरच्या बाईने इथल्या खणांचा हिशेब कशाला मागावा?" मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत बरोबरीचा हक्क देणारी 2005 सालची दुरुस्ती मला ठाऊक नव्हती असे नाही. वर्गात मुलांना मी ती समजावून सांगितली होती.

2023 साली अधिक श्रावण आला. जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे म्हणून आईने एकटीनेच घाट घातला. बाहेर धो धो पाऊस. भिजवलेले तांदूळ फडक्यावर सुकता सुकेनात. पिठात ओल राहिली. तुपात सोडलेला पहिलाच अनारसा हसला, दुसरा हसला, आणि मग कढईत नुसता चुरा तरंगू लागला. अनारसे बिघडले की त्याला हसणे म्हणतात, हे कुणा सुगरणीने ठरवले कोण जाणे! आई मात्र रडली. शेवटी बत्ताशांचे वाण शेजाऱ्यांच्या हाती गेले. मी जाऊ शकलो असतो.

या आश्विनात वही पिशवीत घालून अक्काच्या दारात उभा राहिलो. तिने पाणी दिले. वही उघडली, पाने उलटली, त्या कोऱ्या पानापाशी थांबली.

मी म्हणालो, "अक्का, खणांचं बोललो ते चुकलंच माझं."

"माझा चष्मा कुठे ठेवला मी?" ती म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ आली नाही.

मग बसली आणि लिहू लागली. तांदूळ तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावे. सावलीत सुकवावे, दमट असतानाच कुटावे. खसखस लावलेली बाजू वर ठेवून तुपात सोडावा, उलटू नये. अक्षर थेट आईचे! गुळापाशी मात्र तिचा हात थांबला.

"हे माप लिहून भागत नाही. पिठाची ओल बघावी लागते. तांदूळ कधी भिजवणार आहात?"

"तू म्हणशील तेव्हा."

तिने दोन ओळी मोकळ्या सोडल्या आणि वही मिटली.

त्या ओळी अजून कोऱ्याच आहेत. तांदूळ आज तिसऱ्या पाण्यात आहेत. उद्या ते फडक्यावर पडतील, आणि अक्का सकाळच्या बसने येणार आहे.