ताटाशेजारचा तांबडा पेला

डिचोलीत कुणाकडेही वाईनचा विषय काढला की समोरच्याच्या मनात पहिली येते ती पोर्ट वाईन. गोड, दाट, किरमिजी. गोव्यातल्या कितीतरी घरांत आजारातून उठलेल्या माणसाला अंगात ताकद यावी म्हणून ती थोडी थोडी दिली जायची, नाताळात केकबरोबर पाहुण्यांपुढे यायची. त्या गोडीवर वाढलेल्या जिभेला इटलीची साधी कोरडी रेड वाईन पहिल्यांदा भेटते तेव्हा ती आंबट लागते, तुरट लागते, हिरड्या आवळल्यासारख्या होतात. पेला बाजूला सरकतो आणि ‘आपल्यासाठी नव्हे ही’ असा निकाल लागतो. मला हा निकाल मान्य नाही. तिची परीक्षाच भलत्या वेळी घेतलेली असते. तिच्यासमोर ताट नसतं.

कोकमाचं आगळ नुसतं पिऊन कुणी त्याला नावं ठेवत नाही. नारळाच्या रसात पडलं की त्याचीच सोलकढी होते. स्वस्तातल्या इटालियन रेड वाईनचा आंबटपणा आणि तुरटपणाही असाच जेवणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. ती जेवणासाठीच केलेली आहे. इटलीतल्या साध्या खानावळीत ‘घरची वाईन’ काचेच्या सुरईतून पाव लिटर, अर्धा लिटर अशी मापानं मिळते. माणसं जेवायला बसताना ओततात, पाव मोडतात, वादावादी करतात, जेवण संपलं की पेलाही संपतो. तिथे वाईन पाण्याच्या तांब्याशेजारी असते.

आपल्याकडे रीत वेगळी. आधी पिणं, सोबत तळणीचं काहीतरी, आणि मग रात्री उशिरा गार झालेला भात. त्याला कारणही आहे. मार्च-एप्रिलात पेडणे आणि डिचोलीच्या डोंगरउतारांवर काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास सुटतो, भट्ट्या पेटतात, पहिल्यांदा गाळलेली हुर्राक निघते. तिच्यात लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातली की दुपार कशी सरते ते कळत नाही. फेणी त्याहून करारी, बेचाळीस टक्क्यांच्या वरची. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि तो तिचा हक्कच होता. मला दोन्ही प्रिय आहेत. पण फेणीचा घोट घेतल्यावर जिभेला आमटीतली बारीकसारीक चव कळेल ही अपेक्षा करू नये. भाताच्या घासाघासाबरोबर चालायचं तर पेय बारा-तेरा टक्क्यांचंच हवं.

आता ताटाकडे वळू. आणि ताटात आधी मांस नको, अळसांदे घेऊ.

भातकापणी झाली की शेतातल्या उरल्यासुरल्या ओलीवर अळसांदे होतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पेडण्याच्या गुरुवारच्या आणि डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात नवे अळसांदे दिसू लागतात; चवळीपेक्षा मोठे, पातळ सालीचे, शिजल्यावर लोण्यासारखे मऊ तरी आकार न सोडणारे. त्यांचं तोंडाक करताना ओलं खोबरं आणि कांदा तांबूस होईपर्यंत भाजतात, सुकी मिरची, धणे, मिरी, लवंग घालून गंधासारखं वाटतात. वर एखाददुसरं सोल. हे तोंडाक पावासोबत खाताना पहिल्या घासाला खोबऱ्याचा खमंगपणा जाणवतो, मग मिरची, आणि शेवटी तेलाचा एक पातळ थर जिभेवर रेंगाळतो. नेमक्या त्या क्षणी सांजोव्हेजे द्राक्षाच्या वाईनचा लहान घोट घ्यावा. आंबटपणा तो थर धुऊन नेतो, तुरटपणा डाळीच्या पिठाळपणात विरतो, आणि इतका वेळ लपलेला चेरीसारखा फळाचा स्वाद वर येतो. मघाशी जी वाईन टोचत होती ती आता मऊ लागते. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा ताजा.

हा योगायोग नव्हे. सांजोव्हेजे हे टस्कनीचं द्राक्ष, आणि टस्कनीच्या लोकांना बाकीचे इटालियन कडधान्य खाणारे म्हणून चिडवत आले आहेत. पांढऱ्या घेवड्याच्या बिया, वरून ऑलिव्हचं तेल, सेजची पानं, मीठ न घातलेला पाव आणि याच द्राक्षाच्या कियांती वाईनचा पेला, हे तिथल्या कष्टकऱ्याचं जेवण. या कियांतीच्या हद्दी १७१६ साली टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने फर्मान काढून आखून दिल्या होत्या. पण ड्यूकाच्या फर्मानापेक्षा त्या घेवड्याच्या बियांनी तिला जास्त घडवलं असं मला वाटतं. गरिबाच्या कडधान्याशी जुळवून घेत घेत वाढलेली वाईन पेडण्याच्या अळसांद्यांना परकी कशी वाटेल? आणखी एक नातं आहे. आपली मिरची, आपला काजू आणि इटलीचा टोमॅटो तिन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आले. त्याआधीचं तोंडाक आणि त्याआधीची इटालियन रस्सेदार पास्त्याची ताटली, दोन्हींना आजचा लाल रंग नव्हता.

खिशाला परवडणाऱ्या इटालियन वाईनींमध्ये मोंतेपुल्चानो द’अब्रुत्सो मला सगळ्यात भरवशाची वाटते. ती अब्रुत्सो प्रांतातल्या मोंतेपुल्चानो द्राक्षाची. टस्कनीत मोंतेपुल्चानो नावाचं गावही आहे आणि तिथली ‘व्हिनो नोबिले’ सांजोव्हेजेची, बरीच महाग. बाटली उचलताना लेबल नीट वाचावं. पिएमोंतेची बार्बेरा आंबटपणात धारदार पण तुरटपणात अगदी कमी, म्हणून व्हिनेगार आणि मिरची मुरलेल्या गोव्याच्या चोरीसासमोर ती टिकते. जेवण जितकं आंबट, वाईनचा आंबटपणा निदान तितका तरी हवा, नाहीतर ती पाणचट लागते. सिसिलीची नेरो द’आव्होला उन्हात पिकलेली, भरदार. पुल्यातली प्रिमितिव्हो तर कधी चौदा टक्क्यांच्या वर जाते, आणि तिथे सावध व्हावं, कारण मद्यार्क जितका जास्त तितकी मिरचीची आग भडकते. पेडण्याच्या वडे-शागोतीसोबत मी प्रिमितिव्हो कधीच सुचवणार नाही.

अडचण किमतीची आहे. इटलीतल्या दुकानात चार-पाच युरोंना मिळणारी बाटली आपल्यापर्यंत येते ती वर्षानुवर्षं चालत आलेलं १५० टक्के आयात शुल्क, मग आयातदार, घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांचा वाटा डोक्यावर घेऊन. गोव्यात मद्यावरचा कर शेजारच्या राज्यांपेक्षा हलका, म्हणून इथे थोडं तरी सुसह्य होतं. तरीही जी तिकडे रोजच्या जेवणातली, ती इकडे वाढदिवसाची होते, हे मला मनापासून खटकतं. साध्या वाईनचा साधेपणाच निघून जातो.

म्हणून मला अकलूजचं मोल वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या ऊस आणि साखर कारखान्यांच्या त्या मुलखात २००७च्या सुमारास फ्रातेल्ली वाईन्सच्या द्राक्षबागा उभ्या राहू लागल्या. भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की. टस्कनीत आयुष्य घालवलेले वाईनतज्ज्ञ पिएरो मासी त्यांच्यासोबत आले आणि सांजोव्हेजेची रोपं माळशिरस तालुक्याच्या मातीत रुजली. टस्कनीत हे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतं. आपल्याकडे पावसाळ्यात घड पिकवणं म्हणजे कुजवणं, म्हणून वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पाऊस सरताना गोडी छाटणी, आणि तोडणी हिवाळा उतरताना. सांगली-सोलापूर-नाशिकच्या बागायतदारांनी खाण्याच्या द्राक्षांवर पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं हे कसब एका टस्कन वेलीच्या कामी आलं. ती वाईन कियांतीची नक्कल नाही. आपल्या उन्हानं फळ जास्त पिकतं, आंबटपणाची धार थोडी बोथट होते. पण तोंडाकासमोर ठेवायला ती पुरेशी सच्ची आहे, आणि आयात शुल्काचं ओझं तिच्या डोक्यावर नाही. सांजोव्हेजे आणि काबेर्ने सोव्हिन्यों मिळून केलेली त्यांची ‘सेत्ते’ नावाजलेली असली तरी ती सणासुदीची. रोजच्यासाठी नुसती सांजोव्हेजेच बरी.

मासळीबद्दल बोलल्याशिवाय गोव्यात कुणी तुम्हाला उठू देणार नाही. बांगडा आणि रेड वाईन एकत्र आली की तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. तिचं कारण जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं: वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं आणि तो उग्र दर्प तयार होतो. बांगड्याच्या उड्डामेथीसमोर बाटली उघडूच नये. तिरफळाचाही रेड वाईनशी मेळ बसत नाही. जीभ बधिर झाल्यावर तुरटपणा तेवढा शिल्लक राहतो. गूळ घातलेलं खतखतं असेल तर वाईन आणखी आंबट भासते. या जेवणांना सोलकढी आहे, आणि तिच्यापुढे कुठल्याच वाईनची मात्रा चालत नाही.

पण अळंब्यांची गोष्ट निराळी. मृगाचा पाऊस मुरला की वारुळांवर अळंबी फुटतात आणि डिचोली-साखळीच्या रस्त्याकडेला बायका पानांत बांधलेले वाटे घेऊन बसतात. भाव ऐकून माणूस पुढे जातो, दहा पावलांवरून परत येतो. “बाये, काल कमी होते गो,” म्हणत घासाघीस होते, आणि शेवटी दोन वाटे पिशवीत पडतात. घरी आणल्यावर खरं काम. लांब देठाच्या टोकाला लागलेली तांबडी माती एकेक देठ धरून बोटांनी सोडवावी लागते, छत्रीच्या पोटातले बारीक किडे झटकावे लागतात. पाण्यात फार वेळ ठेवली तर वास जातो. मग भाजलेलं खोबरं, खसखस, बडीशेप, दालचिनी, चिमूटभर जायफळ यांच्या वाटणात त्यांची शागोती होते. पहिल्या पावसाच्या मातीचा वास शिजूनही त्यांच्यात टिकतो. सांजोव्हेजे किंवा बार्बेरात मागाहून जाणवणारी ओलसर मातीची, सुकल्या पानांची छटा या शागोतीला अशी भेटते की दोन्हींमध्ये नेमकं कोण कुणाला चव देतंय ते सांगता येत नाही. मटणाच्या शागोतीबरोबर वाईन उत्तम लागते, तिथे प्रथिनं आणि चरबी तुरटपणाला शांत करतात. पण अळंब्यांशी होते ती बरोबरी. (वारुळावर दोन-चार अळंबी राहू द्यावीत, ही विनंती विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना दोघांनाही.)

बाटली घेताना एवढं पाहावं. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली घेऊ नये, आतल्या सावलीतली मागावी. स्वस्त वाईन साठवून सुधारत नाही. लेबलावरचं साल दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं नको. फिरकीचं झाकण असेल तर कमीपणा मानू नये, आपल्या दमट हवेत ते सोयीचंच. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हे वचन युरोपातल्या गार दगडी घरांचं आहे. मोरजी किंवा मयेच्या घरात तिशी ओलांडलेल्या उकाड्यात तीच वाईन जळजळीत लागते. आधी फ्रिजमध्ये गार करून घ्यावी. पंधरा-सोळा अंशांवर ती सगळ्यात बोलकी असते. उघडलेली बाटली झाकण लावून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस नीट राहते.

हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर इटालियन जेवण आज सहज मिळतं आणि भट्टीतल्या पिझ्झ्यासोबत लोक हीच वाईन मागवतात. त्यात वावगं काही नाही. पण तिची खरी ओळख किनाऱ्यापासून आत, आपल्या चुलीशी होईल, असं माझं ठाम मत आहे. श्रावण लागायच्या आधीचा आषाढातला एक रविवार धरा. चौघांना बोलवा. अळंबी मिळाली तर शागोती करा, नाही मिळाली तर अळसांद्यांचं तोंडाक आहेच. आधी घास, मग घोट, हा क्रम मोडू नका. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत चौघांना माणशी जेमतेम दीड पेला येतो आणि तेवढा पुरतो. ज्याला गाडी चालवत घरी जायचं आहे त्याच्या वाट्याचं मात्र बाटलीतच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा जेवायला बोलवा.