सामन्यानंतरची परीक्षा

बास्केटबॉल हा खेळ आमच्या शाळेंतील मुलामुलींस नवा नाहीं. मधल्या सुटींत मैदानाच्या कडेला त्या दोन खांबांखालीं जी गर्दी होते, ती पाहिली म्हणजे हा खेळ येथल्याच मातींतला असावा असें वाटूं लागतें. परंतु त्याचा जन्म अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड या गांवीं, सन १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत झाला. तेथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. बाहेर कडक हिंवाळा आणि आंत कंटाळलेले विद्यार्थी, अशा वेळीं त्यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या, तेरा नियम कागदावर उतरविले आणि मुलांच्या हातीं चेंडू दिला. हे गृहस्थ ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केलेले होते. त्याच संस्थेंत तयार झालेले हॅरी क्रो बक यांनीं सन १९२० मध्यें मद्रास येथें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, व तेथें शिकलेल्या शिक्षकांनीं असे खेळ आपल्या देशांतील शाळाशाळांतून नेले. सारांश, हा खेळ एका शिक्षकानें शिक्षणासाठीं निर्माण केला आहे.

नेस्मिथसाहेब पुढें सन १८९८ मध्यें कॅन्सस विद्यापीठांत गेले व तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखालीं त्या संघानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्यानें खेळ निर्माण केला त्याच्याच पदरीं जयापेक्षां पराजय अधिक यावे, ही गोष्ट आमच्या बालवाचकांनीं ध्यानांत ठेवावी. त्यापायीं त्यांची योग्यता तिळभरही उणी झाली नाहीं.

आज त्या देशांतील परिस्थिति फार पालटली आहे. विद्यापीठाचा प्रशिक्षक ही आतां मोठी असामी झाली असून, कित्येक राज्यांत सरकारी पगारदारांपैकीं सर्वांत अधिक वेतन गव्हर्नरास न मिळतां खेळाच्या अशा एखाद्या प्रशिक्षकास मिळतें. जेथें द्रव्य व कीर्ति, तेथें वार्ताहर आलेच. राष्ट्रीय स्पर्धेंत तर असा रिवाज आहे कीं, सामना संपल्यावर दहा मिनिटें मन शांत होण्यासाठीं द्यावयाचीं, आणि मग प्रशिक्षकानें व कांहीं खेळाडूंनीं वार्ताहरांसमोर येऊन बसावयाचें. जिंकलेल्यास हा सोहळा वाटतो. हरलेल्याचा मात्र घाम अजून वाळलेला नसतो, घसा कोरडा पडलेला असतो, आणि समोरून प्रश्न येतो कीं, शेवटच्या घटकेला तुमचा बेत कां फसला? आमच्या मतें मैदानावरील परीक्षेपेक्षां ही परीक्षा कठीण आहे.

या परीक्षेचा विचार करूं लागलें म्हणजे बॉबी नाइट यांचें चरित्र डोळ्यांपुढें येतें. इंडियाना विद्यापीठांत ते सन १९७१ पासून २९ वर्षें प्रशिक्षक होते. तीन वेळां त्यांनीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, व त्यांपैकीं सन १९७६ मध्यें तर त्यांचा संघ ३२ सामन्यांत एकदांही हरला नाहीं. खेळाडूंनीं अभ्यास करून पदवी मिळविलीच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. त्यांचा एक खेळाडू मोटारीच्या अपघातांत पंगु झाला, तेव्हां त्याच्या मदतीसाठीं त्यांनीं निधि उभारला. अशा थोर गुणांच्या माणसाला एकच गोष्ट साधली नाहीं, ती म्हणजे स्वतःच्या रागाला लगाम घालणें. सन १९८५ मध्यें पर्ड्यू विद्यापीठाशीं सामना चालू असतां पंचांचा निर्णय न रुचल्यामुळें त्यांनीं खुर्ची उचलून मैदानावर भिरकावली. वार्ताहरांना तर ते तुच्छ लेखीत. लिहावयास सगळेच लहानपणीं शिकतात, पुढें बहुतेक लोक त्याहून मोठ्या कामास लागतात, अशा अर्थाची त्यांची थट्टा प्रसिद्ध आहे. सन १९९५ मध्यें अशाच एका वार्ताहरबैठकीच्या वेळीं, तेथें स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका माणसावर ते सर्वांदेखत तुटून पडले, व त्याबद्दल त्यांच्या विद्यापीठास ३०,००० डॉलर दंड भरावा लागला.

जॉन फाइनस्टाइन नांवाच्या एका वार्ताहरास त्यांनीं सबंध एक हंगाम आपल्या संघाबरोबर राहूं दिलें होतें. त्यानें पाहिलें व ऐकलें तें लिहून सन १९८६ मध्यें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत आपल्या तोंडच्या शिव्या तशाच छापलेल्या पाहून नाइटसाहेब संतापले, आणि त्यांनीं त्या लेखकाशीं कैक वर्षें अबोला धरला. आरशांत आपलें मुख मलीन दिसलें म्हणून आरशावर रुसावें, तशांतला हा प्रकार झाला.

पुढें सन २००० च्या मार्च महिन्यांत एका दूरचित्रवाणी संस्थेच्या वार्ताहरांनीं उघडकीस आणलें कीं, त्यांनीं सरावाच्या वेळीं एका विद्यार्थ्याचा गळा धरल्याची तक्रार आहे. त्यांनीं तें नाकारलें. परंतु त्या सरावाची चित्रफीत बाहेर आली व सर्वांनीं ती पाहिली. तेव्हां यापुढें एकही गैरवर्तन खपवून घेतलें जाणार नाहीं, अशी समज विद्यापीठानें त्यांस दिली. सप्टेंबरांत शेवटचा प्रसंग घडला. एका विद्यार्थ्यानें त्यांना नुसत्या आडनांवानें हांक मारली. त्यांनीं त्याचा दंड धरून त्याला सभ्यपणाचा धडा दिला, असा आरोप आला. आपण केवळ त्याची चूक दाखविली, असें त्यांचें म्हणणें होतें. विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनीं त्यांना दूर केलें.

या शेवटच्या प्रसंगानें आम्ही बराच वेळ विचारांत पडलों. आपल्या देशांत गुरूला नुसत्या नांवानें हांक मारणें हा उद्धटपणाच होय, आणि विद्यार्थ्यानें मर्यादेनें बोलावें ही अपेक्षा चुकीची आहे असें कोण म्हणेल? परंतु ज्यानें तीस वर्षें पंचांना, वार्ताहरांना व आपल्या शिष्यांना अपमानास्पद शब्द ऐकविले, त्यानें आदराचा पाठ द्यावा तरी कशाच्या बळावर? आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार!

याच पेशांतील दुसरीं दोन माणसें पाहा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ यांनीं ३६ हंगामांत ८७९ सामने जिंकले. चेंडू टोपलींत टाकणाऱ्या खेळाडूनें, ज्यानें आपल्याकडे चेंडू दिला त्याच्याकडे बोट दाखवून त्याचे आभार मानावे, ही चाल त्यांनीं पाडली. चारचौघांत आपल्या खेळाडूंची स्तुति करावी व चूक खासगींत सांगावी, हा त्यांचा नेम होता. सन २०१५ मध्यें ते वारल्यावर कळलें कीं, त्यांनीं आपल्या मृत्युपत्रानें सुमारें १८० जुन्या खेळाडूंना प्रत्येकीं २०० डॉलर मेजवानीसाठीं ठेविले होते! टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनीं मुलींच्या संघाला आठ वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलें. शिस्तीच्या कामीं त्या नाइटसाहेबांहून मवाळ होत्या असें नाहीं. सन २०११ मध्यें, वयाच्या ५९ व्या वर्षीं, आपणांस स्मृतिभ्रंशाचा रोग जडल्याचें त्यांस कळलें. कुजबुज सुरू होण्याची वाट न पाहतां त्यांनीं ती गोष्ट स्वतःच जगाला सांगितली, व आणखी एक हंगाम त्या आपल्या मुलींबरोबर उभ्या राहिल्या.

वार्ताहरांनाही धर्म आहेच. शेवटचा नेम चुकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला रडवून त्याचे अश्रु विकणें ही कांहीं पत्रकारिता नव्हे. तथापि कठीण प्रश्न विचारणारा मनुष्य शत्रु असतो, हा समज घातक आहे. त्या सरावगृहांतील गोष्ट वार्ताहरांनीं बाहेर आणली नसती, तर विजयाच्या जयघोषांत त्या एका विद्यार्थ्याचें गाऱ्हाणें कोणाच्या कानीं पडलें असतें? निंदकाला शेजारीं घर द्यावें, असें आपले वाडवडील सांगत आले, तें उगीच नाहीं.

आम्हां शिक्षकांपुढें वार्ताहर येत नाहींत, पालक येतात. आमच्या मुलाला गुण कमी कां, त्याला संघांत कां घेतलें नाहीं, असे प्रश्न ते विचारतात. तेव्हां दाराआड उभा असलेला तो मुलगा आमच्या उत्तरापेक्षां आमचा स्वर ऐकत असतो. एका आंतरशालेय सामन्यांत दुसऱ्या एका शाळेच्या शिक्षकांनीं पंचांना जे शब्द वापरले, तेच शब्द थोड्या वेळानें त्यांचे विद्यार्थी पाण्याच्या नळापाशीं एका लहान मुलाला वापरीत असतांना आम्हीं ऐकले. हा धडा त्यांना कोणी फळ्यावर लिहून दिला नव्हता.

म्हणून पालकांस आमची विनंती कीं, आपण प्रश्न अवश्य विचारावे. आणि मैदानाच्या कडेला उभे राहून पंचांस दोष देण्यापूर्वीं आपलीं मुलें आपणांकडे पाहत आहेत, हें मनांत आणावें. विद्यार्थिमित्रहो, नगर जिंकणाऱ्यापेक्षां आपलें मन जिंकणारा श्रेष्ठ, हा शलमोन राजाचा बोध तुम्हीं पवित्र शास्त्राच्या तासाला ऐकलाच आहे. यंदा आपला संघ हरो वा जिंको, सामन्यानंतर कोणी कांहीं विचारिलें तर घटकाभर थांबा, आणि मग खरें तें सौम्य शब्दांत सांगा. तें बळ ईश्वर तुम्हांला व आम्हांला देवो.