गाडी विकली, पण कुणाच्या नावावर?

घरातली जुनी स्कूटर विकायची ठरली, की आपल्याकडची रीत साधारण एकच. गाडी धुऊन-पुसून अंगणात लावायची, ओळखीतल्या चार जणांच्या कानावर घालायचे. मग कुणी तरी येतो, चौकापर्यंत चालवून बघतो, भाव ठरतो, पैसे मोजले जातात, चहा होतो. किल्ली आणि आर.सी. बुक त्याच्या हातात दिले की झाला व्यवहार! नाव बदलायचा विषय निघालाच, तर घेणारा हसून म्हणतो, "काय घाई शे ताई, करी लिसू ना!" माणूस ओळखीचा, पुष्कळदा नात्यातलाच. त्याच्याकडे सह्या आणि आधारची झेरॉक्स मागायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. मैत्रिणींनो, मला आज ह्या संकोचाविषयीच लिहायचे आहे, कारण तो फार महागात पडू शकतो.

पुष्कळ घरांत मोटारसायकल ह्यांच्या नावावर असते आणि शाळेत, बँकेत, बाजारात न्यायची बिनगिअरची गाडी आपल्या नावावर. घेताना कौतुकाने आपले नाव घालतात. विकताना मात्र बोलणी पुरुषमाणसे करतात आणि आपण सांगतील तिथे सही करतो. पुढे काही झाले, तर नोटीस मात्र जिचे नाव तिलाच!

आमच्या शाळेतल्या एका बाईंचे असेच झाले. त्यांनी शिरपूरची गाडी चोपड्याकडच्या एका गृहस्थांना विकली होती. दोन वर्षे सगळे शांत. मग चलान येऊ लागले. आर.सी.ला मोबाइल नंबर मुलाचा, मुलगा पुण्याला. त्याने पहिले दोन मेसेज बघितलेच नाहीत. तिसऱ्याचा फोटो त्याने घरी पाठवला, तो नाशिकच्या एका सिग्नलचा. नंबर बाईंच्याच गाडीचा, एम.एच. १८. वर दोन तरुण, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. दंड ५०० रुपये. यजमान म्हणाले, "पाचशेच तर आहेत, भरून टाक ना!" बाई म्हणाल्या, "भरीन हो, पण उद्या पुन्हा आले तर?"

मला वाटते, बाईंचेच बरोबर होते. पाचशे रुपयांनी कुणी बुडत नाही. पण चलान येते म्हणजे गाडी सरकारदरबारी अजून आपलीच आहे. आज ती पोरे सिग्नलला दिसली. उद्या त्यांनी कुणाला धडक दिली तर?

हे उगाच भीती घालायचे बोलणे नव्हे. मोटार वाहन कायद्यात, म्हणजे १९८८ च्या, मालक कोण ह्याचे उत्तर 'ज्याच्या नावावर नोंदणी तो' असे आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ह्यावर निकाल दिला, तो न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला. त्या प्रकरणातली मोटार मूळ मालकाने २००७ साली विकली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली, पण नोंदणी कुणीच बदलली नाही. २००९ साली तिने अपघात केला, त्यात एका मुलाचा जीव गेला. गाडीचा विमा नव्हता. नुकसानभरपाई कुणी द्यायची? उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदाराकडे बोट दाखवले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नोंदणी ज्याची त्यानेच. अपघातात माणूस गमावलेल्या घराने गाडी कुणाकुणाच्या हातून गेली ह्याचा शोध का घेत बसावे? न्याय्यच आहे ते. पण दोन वर्षांपूर्वी गाडी देऊन मोकळ्या झालेल्या माणसाचे काय झाले असेल, ह्याचाही विचार मनात येतोच.

तर बाईंचे पुढे काय झाले ते सांगते. मी मराठी शिकवते, म्हणून अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. आधी कागद धुंडाळले. रेशनकार्डाच्या पिशवीत खरेदीदाराच्या सहीची, तारखेची पावती निघाली! त्या एका चिठ्ठीने निम्मे काम केले. मग दोन अर्ज केले. एक वाहतूक पोलिसांना: अमुक तारखेला गाडी अमुक गृहस्थांना विकली, चलान त्यानंतरचे आहे, सोबत पावती. गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवत होते त्याची माहिती पोलिसांनी मागितल्यास मालकाने द्यायची असते, हे कलम १३३ मध्येच आहे. तेव्हा आपण होऊन नाव-पत्ता कळवलेला बरा. दुसरा अर्ज धुळ्याच्या आर.टी.ओ.ला, फॉर्म २९ सह.

हा फॉर्म २९ मात्र पक्का लक्षात ठेवा. गाडी विकल्याची ती विकणाऱ्याने द्यायची सूचना. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर कलम ५० प्रमाणे १४ दिवसांत द्यावी लागते. घेणाऱ्याने नाव बदलण्यासाठी फॉर्म ३० भरायचा, त्याला ३० दिवस. म्हणजे त्याने आळस केला तरी आपली सूचना आपण देऊ शकतो, त्यासाठी त्याची वाट बघायला नको. पोच मात्र घ्यावी. टपालाने पाठवायचे तर स्पीड पोस्टाने. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ पासून त्यातच मिसळले आहे.

चोपड्याचे गृहस्थ भेटले, चांगले बोलले, चहाही पाजला. त्यांनी गाडी पुढे नाशिकला एकाला विकून टाकली होती! फसवायचा हेतू नव्हता, नुसते राहून गेले होते. अपघाताच्या भरपाईची गोष्ट ऐकल्यावर मात्र त्यांनी स्वतःच नाशिकला फोन लावला. नाव आता बदलले आहे. दोन चलाने त्या मुलाच्या वडिलांनी भरली. एक बाईंनीच भरले, वाद घालायचा त्यांना कंटाळा आला होता.

आपण शिरपूरकर सीमेवरचे, म्हणून एक वेगळी गोष्ट. पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश. सेंधव्याचे गिऱ्हाईक गाडी घेऊन गेले, तर नुसत्या सूचनेने भागत नाही. धुळ्याहून ना-हरकत दाखला काढावा लागतो आणि नोंदणी तिकडे करून घ्यावी लागते. दाखला हातात पडेपर्यंत गाडी दारातच उभी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक रुसले तर रुसू दे!

गाडी डीलरला देताना तो कोऱ्या फॉर्मवर सह्या मागतो. देऊ नयेत. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये जाते. त्यानंतर जबाबदारी डीलरची. "अधिकारपत्र आहे का?" एवढे विचारायला लाजायचे काय कारण?

चारचाकी असेल तर फास्टॅग आठवणीने बंद करा. नाही तर मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या टोलचे पैसे आपल्याच खात्यातून जात राहतील. विम्याच्या कंपनीलाही विक्री कळवा. तिथेच नो-क्लेम बोनसचे पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, आपला असतो, आणि पुढची गाडी घेताना हप्त्यात कामाला येतो. घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, तारीख-वेळ घातलेली पावती आणि फॉर्मची पोच हे तिन्ही कागद एकाच पाकिटात ठेवा. आमच्या बाईंनी आता रेशनकार्डाच्या पिशवीत त्याच्यासाठी वेगळा कप्पा शिवून घेतला आहे.